गोल्फच्या पहिल्या टीवर हात थरथरतात. नवशिकीने काय करावे?

चौलची लेक (अलिबाग) यांचा प्रश्न

नमस्कार. माझे वय ४४, मी एका बँकेत अधिकारी आहे. गेल्या दिवाळीनंतर गोल्फ शिकायला सुरुवात केली. दर शनिवारी पहाटे वडखळ, पेण, पनवेल असा रस्ता धरून नवी मुंबईच्या बाजूला सरावाच्या रेंजवर जाते, शंभर-दीडशे बॉल मारते आणि जेवणाच्या वेळेला घरी परतते. रेंजवर माझे बरे चालले आहे. ७ नंबरच्या आयर्नने (धातूच्या चपट्या तोंडाच्या क्लबने) दहापैकी सहा-सात फटके सरळ जातात आणि साधारण ९० ते १०० यार्डांवर पडतात. शिकवणारे सर म्हणाले की आता मैदानावर उतरायला हरकत नाही, म्हणून गेल्या रविवारी उतरले आणि पुरती फजिती करून घेतली.

पहिल्या टीवर, म्हणजे खेळ जिथून सुरू होतो त्या जागेवर, माझ्यासोबत तीन अनोळखी गृहस्थ होते, मागे आणखी दोन फोरबॉल (चौघांचे गट) खोळंबले होते; स्टार्टर (खेळाडूंना क्रमाने सोडणारा) आणि कॅडी (बॅग वाहणारे) धरून पंधरा-सोळा माणसे तरी असतील. वाकून टी (बॉल ठेवायची छोटी खुंटी) जमिनीत रोवली, पण तिच्यावर बॉल काही केल्या ठरेना. बोटे इतकी कापत होती की तो तीनदा खाली पडला. चौथ्यांदा ठरला, त्यानंतर काय केले ते मला नीटसे आठवतही नाही. पहिला फटका हवेतच फिरला. दुसरा बॉलच्या डोक्यावर बसला आणि बॉल चार पावले घरंगळत जाऊन टी-बॉक्सच्या कडेलाच थांबला. कुणी हसले नाही हे खरे, पण एका गृहस्थांनी 'डोके वर उचलू नका' असे सांगितले, दुसऱ्यांनी 'उजवा कोपर अंगाशी ठेवा' असे सांगितले आणि तिसऱ्यांनी स्वतःचा ड्रायव्हरच (सर्वांत लांब मारायचा क्लब) माझ्यापुढे धरला. पुढच्या नऊ होलांत मी किती फटके मारले हे मोजायचे मी सातव्या होलाला सोडून दिले. हातभर अंतराच्या पटलासुद्धा (बॉल होलमध्ये ढकलण्याच्या हलक्या फटक्याला) मनगट आपोआप झटका देत होते.

मला याचे नवल वाटते, कारण शाखेत लेखापरीक्षक समोर बसले असतानाही माझा आवाज कधी बदललेला नाही. मग एका पांढऱ्या बॉलपुढे असे का व्हावे? तीन आठवड्यांनी परिचितांची एक मैत्रीपूर्ण स्पर्धा आहे, चौघांच्या संघांची, स्क्रॅम्बल पद्धतीची. त्यातून नाव काढून घ्यावे का, हात पूर्ण बसेपर्यंत केवळ रेंजवरच राहावे का, आणि हा थरकाप घालवण्याचा खरोखर काही उपाय आहे का, हे अनुभवी मंडळींनी सांगावे. घरच्या एका नातेवाइकांनी 'धडधड थांबवणारी गोळी मिळते, ती घेऊन जा' असेही सुचवले आहे.

निवृत्त नाखवा (हर्णै)

ताई, नाव काढू नका. स्क्रॅम्बलमध्ये चौघे फटका मारतात, त्यांतला सर्वांत चांगला बॉल निवडला जातो आणि पुढचा फटका चौघेही तिथूनच मारतात. तुमचा बॉल घरंगळला तर तो उचलून खिशात टाकायचा आणि पुढे चालू लागायचे. नवशिक्यासाठी याहून सोयीची स्पर्धा नाही.

मी व्यापारी जहाजांवर नोकरी केली आणि गोल्फ आखाती देशांतल्या वाळूच्या मैदानांवर शिकलो. तिथे गवत नसे. तेल मारून दाबलेल्या वाळूचे तपकिरी 'ग्रीन' (होलभोवतीची पट मारण्याची जागा) असे आणि फेअरवेवर (टी आणि ग्रीन यांच्यामधल्या पट्ट्यावर) प्रत्येकजण कृत्रिम हिरवळीचा तुकडा बरोबर बाळगून त्यावर बॉल ठेवून मारत असे. माझ्या पहिल्या दिवशी मी बॉलऐवजी तो तुकडाच वीस यार्ड उडवला होता. जहाजावर पुढचे दोन महिने त्याची आठवण निघत असे. तेव्हा तुमचा रविवार फार वाईट गेला असे मला वाटत नाही.

आता नियमांतली एक गोष्ट सांगतो, जी त्या दिवशी तुमच्या तीन सल्लागारांपैकी एकानेही सांगितली नाही. फटका मारण्याआधी बॉल टीवरून आपोआप किंवा हात लागून पडला, तर तो फटका धरला जात नाही. निवांत पुन्हा ठेवावा. बॉल मारण्याच्या इराद्याने क्लब फिरवला आणि तो बॉलला न लागता हवेतच फिरला, तर मात्र एक फटका धरला जातो. पण बॉल अजून टी-बॉक्सच्या हद्दीतच असेल, तर २०१९ पासूनच्या नियमांप्रमाणे तो उचलून, हद्दीत कुठेही, पुन्हा टीवर ठेवून मारता येतो आणि त्याचा दंड नाही. म्हणजे तुमचा तो चार पावले घरंगळलेला बॉल तुम्ही पुन्हा टीवर ठेवू शकला असतात. मोजणी पुढे चालू राहते, एवढेच. हे ठाऊक असले की पहिल्या टीची निम्मी भीती कमी होते, निदान माझी झाली होती.

दुसरे असे की, वाईट खेळणाऱ्याचा कंटाळा मैदानावर कुणाला येत नाही, रेंगाळणाऱ्याचा येतो. आपली पाळी आल्यावर ४० सेकंदांत फटका मारावा अशी नियमांतच शिफारस आहे, आणि हरवलेला बॉल शोधायला पूर्वी ५ मिनिटे मिळत ती २०१९ पासून ३ केली आहेत. ज्याची तयारी झाली त्याने आधी मारावे, यालाही आता मान्यता आहे. तुम्ही क्लब हातात घेऊन तयार राहिलात, बॉल लांब झुडपात गेला तर दुसरा काढलात आणि एखाद्या होलाला हिशेब फारच वाढला तर बॉल उचलून पुढे निघालात, तर तुमच्याबरोबर खेळायला कुणीही आनंदाने तयार होईल. हँडिकॅपच्या जागतिक पद्धतीत नवशिक्याला कमाल ५४ पर्यंत हँडिकॅप मिळतो, म्हणजे १८ होलांना प्रत्येकी ३ फटक्यांची सवलत. आणि या हिशेबाने ४ पारच्या (म्हणजे ४ फटक्यांत संपवणे अपेक्षित असलेल्या) होलावर ९ च्या वर तुमची नोंद जातच नाही. अकरावा-बारावा फटका मोजत उन्हात उभे राहण्याचे काही कारण नाही.

पहिल्या टीवर ड्रायव्हर मात्र काढू नका. तुमचा ७ नंबर ९० यार्ड जातो. ३०० यार्डांच्या होलावर तीन फटक्यांत तुम्ही ग्रीनच्या तोंडाशी पोहोचता, एक चिप (ग्रीनजवळचा छोटा फटका) आणि दोन पट धरले तरी ६ होतात, आणि नवशिकीचे ६ पाहून त्या कोपरवाल्या गृहस्थांचा कोपर थोडा सैल होईल.

सरावासाठी एक सुचवतो. ओहोटीला पुळण घट्ट होते, तिच्यावर बॉल मारून पाहा. क्लब आधी वाळूला लागला की आधी बॉलला लागला हे ठशावरून लगेच कळते.

मानसशास्त्र शिकवते (चिपळूण)

मी स्वतः गोल्फ खेळत नाही. माझा भाऊ खेळतो आणि त्याच्यामागे मी एकदा अठरा होल चालले आहे, एवढाच माझा अनुभव. परंतु 'लेखापरीक्षकांपुढे होत नाही, मग इथेच का होते' हा प्रश्न माझ्या विषयातला आहे.

लेखापरीक्षणाच्या वेळी, ताई, तुमच्या कामाकडे पाहिले जाते. तिथे तुम्ही वीस वर्षांच्या अनुभवाने उभ्या असता आणि बोलता बोलता चूक सुधारता येते. टीवर तुमच्या शरीराकडे पाहिले जाते, तेही सगळे गप्प झालेले असताना, बॉल स्थिर असताना आणि सुरुवात कधी करायची हे सर्वस्वी तुमच्यावर सोपवलेले असताना. क्रिकेटमध्ये गोलंदाज धावत येतो, विचार करायला सवडच मिळत नाही. गोल्फमध्ये सवड फार, आणि त्या सवडीतच भीती भरते. धोका जाणवला की शरीरात अ‍ॅड्रेनलिन वाढते, हृदयाचे ठोके वाढतात, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळते, बोटे गार पडतात आणि त्यांचे बारीक काम बिघडते. टीवर बॉल ठेवणे हे नेमके बोटांचे बारीक काम आहे, म्हणून ते आधी बिघडले.

लोक आपल्याकडे पाहत आहेत हे आपण नेहमी फुगवून पाहतो. थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवले. खोलीतल्या जवळजवळ निम्म्या लोकांना शर्टावरचे चित्र लक्षात येईल असा त्या विद्यार्थ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ते सुमारे एक चतुर्थांश लोकांनाच आठवले. तुमच्या मागे थांबलेल्या आठजणांपैकी बहुतेकांच्या डोक्यात त्या क्षणी त्यांचा स्वतःचा पहिला फटका असणार.

गोल्फच्या संदर्भात मला महत्त्वाचा वाटणारा अभ्यास सायन बायलॉक आणि थॉमस कार यांचा, २००१ सालचा. त्यात पटिंग शिकताना ज्यांचे चित्रीकरण केले जात होते आणि ते तज्ज्ञ पाहणार आहेत असे ज्यांना सांगितले होते, ते पुढे दडपणाखाली ढासळले नाहीत. निवांत शिकलेले ढासळले. तेव्हा केवळ रेंजवर राहून हात 'पूर्ण बसेपर्यंत' थांबणे हा उपाय नव्हे, कारण रेंजवर तुम्हाला पाहणारे कुणी नसते. फोन समोर उभा करून चित्रीकरण चालू ठेवा आणि दहा बॉल मारा. ते चित्रीकरण सरांना आणि घरच्यांना नक्की दाखवायचे, असे आधीच ठरवा. शेवटचे पाच बॉल रेंजवरच्या कुणाला तरी 'जरा पाहता का' असे सांगून मारा. लाज वाटेल, तिच्याचसाठी हे करायचे आहे.

आणखी एक दुरुस्ती सुचवते. 'स्विंगचा विचारच करू नका, मन मोकळे ठेवा' असे तुम्हाला बरेचजण सांगतील. हा सल्ला मुरलेल्या खेळाडूंसाठी ठीक आहे, कारण त्यांचे अंगवळणी पडलेले कौशल्य विचार केल्याने विसकटते. बायलॉक यांच्याच नंतरच्या प्रयोगांत नवशिक्यांचे मात्र उलट दिसले. आपल्या हालचालीकडे लक्ष दिल्यावर त्यांचे पट सुधारले आणि घाई केल्यावर बिघडले. तुमच्या जवळ अजून अंगवळणी पडलेले फारसे काही नाही, त्यामुळे मनात काहीतरी धरलेच पाहिजे. मात्र ते एकच असावे. कोणते, ते सर ठरवतील. डोके, कोपर आणि गुडघा हे तिन्ही एका दीड सेकंदात सांभाळणे कुणालाच जमणार नाही.

पायपेटीवाला (कुडाळ)

गोल्फमधले मला काही समजत नाही. हा विषय समोर आला आणि 'हात थरथरतात' हे शब्द वाचून थांबलो. मी दशावतारात पायपेटी वाजवतो. जत्रेच्या दिवसांत एका रात्री एका गावी, दुसऱ्या रात्री दुसऱ्या. तीस वर्षे झाली, अजूनही सुरुवातीला माझी बोटे गार असतात. आमच्या नाटकाला लिहिलेली संहिता नसते, आख्यान ठरते आणि पात्रे रंगमंचावर जाऊन आपल्या बुद्धीने संवाद बोलतात, त्यामुळे आज काय होणार हे पेटीवाल्यालाही पुरते ठाऊक नसते.

पण सुरुवात ठरलेली असते. मृदंग आणि झांजेची धुमाळी झडते, मग गणपती येतो, मग संकासुर येऊन लोकांना हसवतो, आणि मुख्य आख्यान लागेपर्यंत बोटांत ऊब आलेली असते. धुमाळी वाजवताना मी लोकांकडे पाहत नाही, मृदंगवाल्याच्या हाताकडे पाहतो. नव्याने आलेल्या एका मुलाला घाम फुटत असे, त्याला मी एवढेच शिकवले की बसल्यावर आधी भाता दोनदा मारायचा, मग पंच्याने हात पुसायचे, मग षड्ज धरायचा. दररोज याच क्रमाने, घरी रियाझाला बसतानासुद्धा. घरी क्रम पाळला नाही तर जत्रेत तो उपयोगी पडत नाही, हे मात्र त्याला सहा महिन्यांनी पटले.

तुमच्या खेळातही असा काही क्रम असेल तर तो ताईंना कुणी जाणत्याने बांधून द्यावा.

बॅग वाहणारा (पनवेल)

पायपेटीवाले काका, आहे असा क्रम, आणि तो मी रोज पाहतो. मी बारा वर्षे कॅडीचे काम केले, खारघरच्या डोंगराखाली सिडकोने मैदान केले तिथेही खूप चाललो आहे, आता मुलांना शिकवतो. चांगल्या खेळाडूचा फटका डोळे मिटूनही ओळखता येतो, कारण त्याच्या पावलांचा आणि क्लब टेकवण्याचा आवाज प्रत्येक वेळी तेवढाच वेळ घेतो. नवशिका सरावाच्या वेळी चार सेकंद घेतो आणि पहिल्या टीवर एकतर दीड सेकंद घेतो नाहीतर बॉलवर वाकून गोठून जातो. गोठणे जास्त वाईट. बॉलजवळ उभे राहून हालचाल न करता जितका वेळ जातो, तितके खांदे कानाकडे चढत जातात.

ताईंसाठी मी असा क्रम बांधेन. बॉलच्या मागे तीन पावलांवर उभे राहावे आणि निशाणा धरून बॉलच्या पुढे हातभर अंतरावरची एखादी खूण शोधावी, काडी, वाळलेले पान, गवताचा वेगळा पुंजका. दूरचे झेंड्याचे निशाण विसरून जावे. त्या पानावरून बॉल न्यायचा आहे, इतकेच काम आहे असे समजावे. तिथेच एक सावकाश सराव-फटका मारावा, गवताला क्लब लागल्याचा आवाज आला पाहिजे. मग नाकाने श्वास घ्यावा आणि तोंडाने त्याहून लांब सोडावा, चार मोजून आत तर सहा मोजून बाहेर, आणि श्वास सुटत असतानाच बॉलजवळ चालत जावे. क्लबचे तोंड पानाकडे लावावे, पाय लावावेत, क्लब जमिनीवरून थोडा हलवत राहावा आणि पुन्हा पानाकडे एकदाच पाहून मारावा. दुसऱ्यांदा पाहू नये, दुसऱ्यांदा पाहिले की माणूस तिसऱ्यांदा पाहतो. रेंजवर दीडशे बॉल मारण्याऐवजी चाळीस मारावेत, पण प्रत्येक बॉल असा मागून चालत येऊन मारावा. रेंजवर लोक कणसे भाजावीत तसे एकामागून एक बॉल उडवतात, आणि मैदानावर दोन फटक्यांत दहा मिनिटांचे अंतर पडले की त्यांना काहीच सुचत नाही.

पकडीचे सांगतो. भीतीने मूठ आवळते, मूठ आवळली की कोपर ताठ होतात, बॉलजवळ येताना हात आखडतात आणि क्लबची कड बॉलच्या डोक्याला लागते. ताईंचा दुसरा फटका तसाच गेला आहे, डोके उचलल्याने नव्हे. दहापैकी दहा म्हणजे नारळ सोलताना कोयती धरतो तशी पकड, आणि एक म्हणजे क्लब निसटेल अशी, असे धरले तर तीन-चारवर राहावे. टीवर चढण्याआधी मुठी पाच सेकंद घट्ट आवळून सोडाव्यात, म्हणजे सैल म्हणजे काय ते हाताला आठवते.

आपल्याकडची हवा विसरू नका. एप्रिल-मेच्या दमटपणात तळवे भीतीविनाच घामेजतात, आणि निसटत्या पकडीमुळे माणूस आणखी आवळतो. मग त्यालाही तो भीतीच समजतो. दोन हातमोजे ठेवावेत आणि आलटून पालटून वाळवावेत, टॉवेल बॅगेला बाहेर लटकवावा. पावसाळ्यासाठी ओले झाल्यावर चांगली पकड देणारे वेगळे मोजे मिळतात. सकाळी पहिली वेळ घ्यावी. खारा वारा सुटलेला नसतो आणि टीवर बघ्यांची गर्दीही नसते.

मनगटाच्या झटक्याबद्दल एवढेच की त्याला लगेच मोठे नाव देऊ नका. 'यिप्स' नावाचा प्रकार आहे, त्यात मुरलेल्या खेळाडूंचेही हात पटच्या वेळी झटका देतात. जर्मनीचे बर्नहार्ड लँगर यांना तो वारंवार झाला, त्यांनी पकडीच्या पद्धती बदलून त्यावर मात केली आणि १९८५ व १९९३ अशी दोनदा मास्टर्स स्पर्धा जिंकली. नवशिक्याचा झटका बहुधा निराळा असतो. तो पटर मागे फार नेतो, मग जोर जास्त होईल या भीतीने मध्येच आवरतो. घरी फरशीवर दोन पुस्तकांमधून पटर चालवावा, मागे वीत तर पुढेही वीत. होलचा व्यास १०८ मिलिमीटर आणि बॉलचा ४२.६७, दोन बॉल शेजारी शेजारी आत जातील एवढी जागा तिथे असते. आणि छोटा पट चुकणे ही नवशिक्यांची मक्तेदारी नाही. १९७० च्या ब्रिटिश ओपनमध्ये सेंट अँड्र्यूजच्या शेवटच्या ग्रीनवर डग सँडर्स यांचा तीन फुटांहून कमी अंतराचा, जिंकून देणारा पट चुकला आणि दुसऱ्या दिवशी बरोबरी सोडवण्यासाठी झालेल्या प्लेऑफमध्ये जॅक निकलस जिंकले.

सल्ला देणाऱ्यांचे काय करायचे ते सांगायचे राहिले. स्ट्रोक-प्लेच्या (एकूण फटके मोजून निकाल लागणाऱ्या) स्पर्धेत जोडीदार नसलेल्या खेळाडूला फटक्याविषयी सल्ला दिला, तर देणाऱ्यालाच दोन फटक्यांचा दंड बसतो. रविवारच्या मोकळ्या खेळाला हे कुणी लावत नाही, पण हसत हसत सांगायला चांगले आहे. स्त्रिया खेळायला आल्या की सल्ले तिप्पट होतात, हे मी कॅडी म्हणून बाजूला उभे राहून बारा वर्षे ऐकले आहे. 'माझे सर सध्या एकाच गोष्टीवर काम करवून घेत आहेत' असे टीवर जाण्याआधीच म्हणावे, बहुतेकजण थांबतात. ड्रायव्हर पुढे करणारे थांबत नाहीत.

डॉक्टर (रत्नागिरी)

गोळीबद्दल कुणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. नातेवाइकांनी सुचवलेली गोळी बहुधा बीटा-ब्लॉकर गटातली असावी. ती हृदयाची गती आणि हाताचा कंप कमी करते हे खरे, पण दमा असणाऱ्यांना ती धोक्याची ठरू शकते, रक्तदाब आणि नाडी जास्त खाली जाऊ शकते, आणि दुसऱ्याच्या डब्यातून उचलून घेण्याचे ते औषध नव्हे. शिवाय उत्तेजकविरोधी नियमांनुसार गोल्फच्या स्पर्धांत हा गट निषिद्ध आहे, कारण त्याने पटिंगला अयोग्य फायदा होऊ शकतो. मैत्रीपूर्ण सामन्यात तपासणी करायला कुणी येणार नाही, तरी ज्या दोन तासांत सवय व्हायला हवी तेच दोन तास तुम्ही गोळीच्या आड घालवाल.

तुम्ही पहाटे निघता आणि पेणच्या पुढे कुठेतरी कडक कॉफी घेऊन उपाशीपोटी टीवर पोहोचता, असा माझा तर्क आहे. कॉफीने धडधड वाढते आणि उपाशीपोटी हात आणखी कापतात. निघताना दोन घावणे किंवा अर्धी भाकरी आणि केळे खा, पाण्याच्या बाटलीत चिमूटभर मीठ-साखर असू द्या.

आणि नाखवा साहेब, पुळणीवर खरे बॉल मारायला सांगू नका. अलिबागला ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्याकडे टांगे आणि माणसे चालत जातात; ४५ ग्रॅमचा कठीण बॉल डोळ्याला लागला तर काय होते ते मी पाहिले आहे. तुमच्या हर्णैच्या शेजारी आंजर्ल्याला तर कासवांची घरटी असतात.

निवृत्त नाखवा (हर्णै)

डॉक्टरांचे म्हणणे मान्य. फोमचे बॉल घ्यावेत, मोजून न्यावेत आणि मोजून परत आणावेत. मी माझ्या काळाच्या वाळवंटातून बोलत होतो, तिथे लागायला उंटाखेरीज कुणी नसे.

चौलची लेक (अलिबाग)

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरसाहेब, कॉफीचा तर्क अचूक आहे. फक्त ती पेणच्या पुढे नव्हे, वडखळच्या अलीकडेच घेत होते. गोळी घेणार नाही. उद्यापासून चाळीस बॉल आणि काकांची धुमाळी. सरांनी मनात धरण्यासाठी एकच गोष्ट दिली आहे: फटका संपल्यावर पोट निशाण्याकडे वळलेले असावे. चित्रीकरण काल केले. नवऱ्याने ते पाहून 'तू श्वासच घेत नाहीस' असे सांगितले, जे मला आठ महिन्यांत कळले नव्हते.

एक शंका आहे. स्क्रॅम्बलमध्ये पहिला फटका माझ्या वाट्याला आला तर चालेल, की शेवटी मारावा?

बॅग वाहणारा (पनवेल)

पहिला मारा. संघातल्या चांगल्या खेळाडूंचे बॉल आधीच फेअरवेवर पोहोचले असतील तर तुमच्या फटक्याला अर्थ उरत नाही आणि पाहण्याखेरीज कुणाला काही कामही उरत नाही. शिवाय वाट पाहण्यात दहा मिनिटे जातात, ती फार महाग पडतात. तुम्ही आधी मारलेला बॉल ७० यार्ड सरळ गेला, तर तुमच्यानंतरचे तिघे मोकळेपणाने जोर लावू शकतात, आणि त्याचा संघाला खरा उपयोग होतो.

चौलची लेक (अलिबाग), तीन आठवड्यांनी

कालच खेळून आले. धडधड होतीच, जवळजवळ पहिल्याइतकी. बॉल टीवर दुसऱ्या प्रयत्नात ठरला. पहिल्यांदा पडला तेव्हा मी मोठ्याने 'हा धरत नाहीत' असे म्हणाले आणि आमच्या संघातले सगळे हसले, मीही हसले. समोर करंजाचे वाळलेले पान सापडले होते. ७ नंबरने मारलेला बॉल उंच गेला नाही, पण सरळ गेला, साधारण ८० यार्ड. नंतर आमच्यातल्या एका तरुणाचा ड्रायव्हर पाण्यात गेला, दुसऱ्याचा झाडीत आणि तिसऱ्याचा हद्दीबाहेर, त्यामुळे पहिल्या होलाला संघाने माझाच बॉल घेतला.

पाचव्या होलाला पुन्हा डोक्यावर बसला आणि बॉल टी-बॉक्समध्येच राहिला. एवढ्याशा चुकीसाठी संघ माझ्यावर थांबणार नव्हता, तरी मी तो उचलून पुन्हा टीवर ठेवला. शेजारच्या संघातले एक गृहस्थ 'असे चालत नाही' असे म्हणाले. मी त्यांना नाखवांनी सांगितलेला नियम सांगितला. त्यांनी फोनवर तो शोधला, वाचला आणि पुढचे चार होल ते काही बोलले नाहीत. छोट्या पटांपैकी मी तीन घातले आणि पाच चुकवले. मनगट अजून झटका देते, पण आता तो येण्याआधी मला कळतो, तेव्हा मी बाजूला होऊन पुन्हा सुरुवात करते. यासाठी ४० सेकंद पुरतात का, हे कुणीतरी घड्याळ लावून पाहायला हवे. पुढच्या शनिवारी पहिली वेळ घेतली आहे, सव्वासहाची.

बॅग वाहणारा (पनवेल)

पुरतात, मोजून पाहिले आहे. बाजूला होऊन परत यायला पंधरा सेकंद लागतात. सव्वासहाला दव असते, पट थोडा जोरात मारा.